एका टाकीतले दोन एंजल

"दोन मोठे एंजल मासे एकाच टाकीत ठेवायचे म्हणजे डॉक्टर, आधी स्वतःला विचारा, ठेवायलाच पाहिजेत का?" अप्पा फोनवर सांगत होते. "एक ठेवा आणि सुखात राहा. पण दोन पाहिजेतच म्हणत असाल तर मग घाई नको."

सांगलीच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी नवीन खाऱ्या पाण्याची टाकी घेतली होती. तिच्यात कोणते मासे एकमेकांशी जमवून घेतील हे विचारायला ते सारखे अप्पांना फोन करायचे. अप्पा साखर कारखान्यात चीफ केमिस्ट. कारखान्याच्या कॉलनीतल्या आमच्या बंगल्यात, समुद्रापासून एक अख्खा घाट अलीकडे, त्यांनी हॉलची एक भिंत भरून समुद्र पाळला होता. ड्रममध्ये मीठ कालवायचे, काचेच्या नळीतून डोळा बारीक करून खारटपणा मोजायचे, आणि तो अंशभर जरी इकडेतिकडे झाला तरी जेवण सोडून उठायचे. एप्रिल होता, गळीत हंगाम संपला होता, त्यामुळे अप्पांना वेळच वेळ होता. लाइट गेलेली. घरात इन्व्हर्टर होता, पण तो टाकीपुरता. आम्ही वर्तमानपत्राने वारा घेत बसायचो आणि आमच्यासमोर मासे पंपाच्या लाटेत गारेगार फिरायचे.

"एका कुळातले दोन शक्यतो नकोत. दिसायला सारखे तर अजिबात नकोत. आडव्या पट्ट्यांच्या शेजारी आडव्या पट्ट्यांचा सोडला की तो त्याला वैरीच धरतो. आकारात फरक ठेवा. आणि आधी गरीब सोडायचा, तापट नंतर. गरिबाला जरा पाय रोवू द्यायचे. माझं उलटं झालं होतं, एम्परर आधीपासून टाकीत होता. म्हणून ब्लूफेस आणला तेव्हा मी सगळे दगड उचलून मांडणीच बदलली. जुन्यालाही वाटलं पाहिजे, आपण नवीन घरात आलोय."

एम्परर म्हणजे निळ्या अंगावर पिवळे पट्टे ओढलेला, ताटाएवढा मासा. ब्लूफेस त्याच्याहून लहान. ही इंग्रजी नावं आईच्या तोंडात बसायची नाहीत. ती त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायची, आणि मीही.

"छे छे, एकदम सोडायचा नाही. मध्ये जाळी लावायची. पंधरा दिवस नुसतं एकमेकांना बघू दे. थोरला जाळीवर धडका मारतोय का, धाकटा खायचं सोडतोय का, ते बघायचं. माझा धाकटा आणला तेव्हा पोरसवदा होता, अंगावर लहानपणचे पांढरे पट्टे. तोवर मोठा त्याला मोजत नाही. पट्टे जाऊन मोठ्याचा रंग आला की मात्र लक्ष ठेवावं लागतं."

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. दारात ताई उभी होती.

माझी थोरली बहीण वैजयंता, आमची वैजू. दीड वर्षापूर्वी विट्याकडच्या जाधवांच्या घरात, संग्रामला दिलेली. खांद्याला रेक्झिनची बॅग, आणि एप्रिलच्या त्या उकाड्यात अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला. येणार म्हणून फोन नाही, सोबत कोणी नाही. एसटीने एकटीच आलेली.

अप्पांनी तिला बघितलं. डाव्या हाताने 'थांब' अशी खूण केली आणि फोनवर म्हणाले, "शेवटचं सांगतो डॉक्टर, हे लिहून ठेवा. फाटलेला पर दिसला की विचार करत बसायचं नाही. मासा बाहेर काढायचा. चूक कोणाची, ते मागाहून."

ताई चपला न काढता उंबऱ्यातच उभी राहिली. मी उठून तिची बॅग घेतली.

जेवताना ती डाव्या हाताने खात होती. आई बघून न बघितल्यासारखं करत होती, पण भाकरीचे तुकडे करून तिच्या ताटात टाकत होती.

"काय झालं हाताला?" शेवटी आईने विचारलंच.

"दारात चेमटला."

"कुठल्या दारात?" मी म्हणाले.

"खोलीच्या."

"आपोआप?"

"हर्षा, जेवू दे तिला," अप्पा म्हणाले. मग आमटीचा भुरका घेऊन, "जुन्या घरांची दारं जड असतात. संग्रामरावांना सांगतो मी, चौकटीला रबर लावून घ्या म्हणून."

अप्पांना खरंच तसं वाटलं असतं तर मी समजून घेतलं असतं. माणूस भाबडा असू शकतो. पण हा माणूस धाकट्याचा एक खवला पांढरट दिसला तर भिंग घेऊन बसायचा. रुमालाच्या वर, बाही सरकली होती तिथे, चार बोटांचे वळ उमटले होते. ते मला ताटापलीकडून दिसत होते आणि अप्पा तिच्या शेजारी बसले होते. मी पाणी प्यायला उठले ते परत बसलेच नाही.

ताईची खोली आता ताईची नव्हती. लग्नानंतर महिन्याभरात तिथे मिठाची पोती, पाण्याचे ड्रम आणि आजारी माशांसाठी ठेवलेली छोटी टाकी आली होती. ताई माझ्या खोलीत खाली सतरंजीवर झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पडवीत मी तिच्या मनगटाला आंबेहळदीचा लेप लावत होते, तेव्हा तिने सगळं सांगितलं. रडली नाही. दुसऱ्या कुणाची तरी हकीकत सांगावी तशी सांगत होती.

"पहिलं वर्ष सगळी कौतुकच करायची गं. काय गुणाची सून, मान वर करून बघत नाही. पाव्हण्यांसमोर मला उभं करून दाखवायचे. मग मी बी.एड.चे कागद मागितले. गावातल्या शाळेत जागा निघाली होती, हेडमास्तर स्वतः विचारायला आले होते. आत्याबाई म्हणाल्या, आमच्यात बायका नोकरी करत नाहीत. मी म्हटलं, मी करीन."

"एवढंच?"

"एवढंच. पाव्हण्यांसमोर म्हटलं, हे चुकलं म्हणे. ह्यांनी मला आत नेलं आणि हात दारात धरून दार लावलं." जरा थांबून ती म्हणाली, "हाच हात का, तर याच हाताने फळ्यावर लिहिणार होतीस ना, म्हणाले."

माझ्या हातातली वाटी खाली पडली. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. कॉलनीतल्या बायका धुणी वाळत घालत होत्या, त्या बघायला लागल्या, तेव्हा ताईने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू. अप्पांनी सकाळीच त्यांना फोन केलाय. रविवारी न्यायला येतायत."

"तुला विचारून?"

"मला सांगून. म्हणाले, बघ, किती मोठ्या मनाची माणसं, स्वतः येतायत. तू एक शब्द बोलायचा नाहीस."

"तू जाणारेस?"

ताईने लेपाकडे बघितलं. "मी कुठे राहू, हर्षा? इथे तर माझ्या खोलीत मासे आहेत."

मी आईकडे गेले. आई भाजी निवडत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाईमाणसानं एकदा घर सोडलं की मग दोन्हीकडची राहत नाही. तुझे अप्पा बघतील काय ते." पण तिने निवडलेली भाजी देठांत टाकली होती आणि देठं पातेल्यात. ती मी तिच्यासमोर वेगळी करत बसले.

शनिवारी दुपारी हॉलमधून ठक् ठक् असा आवाज आला. आतून कोणी काचेवर बोटाने वाजवावं तसा. मोठे एंजल चिडले की असा आवाज काढतात, हे अप्पांकडूनच कळलेलं. जाऊन बघते तर थोरला आडवा होऊन धाकट्याला कोपऱ्यात दाबत होता. धाकट्याचे पांढरे पट्टे दिवाळीपासून विरत चालले होते आणि गेल्या महिन्यात त्याच्या तोंडावर पिवळा रंग उतरला होता, अगदी मोठ्या माशासारखा. त्याची शेपटी फाटली होती. कुशीवर खवले उडून पांढरा डाग पडला होता.

अप्पा त्याच वेळी जेवायला घरी आले. आईने ताट वाढलं होतं, भाकरी मोडून झाली होती. त्यांनी टाकीकडे एकदाच बघितलं आणि उठले.

"हर्षा, तो पारदर्शक डबा आण. जाळी नको, याच्या गालाला काटा असतो, जाळीत अडकतो. लवकर."

बाह्या सावरून खांद्यापर्यंत हात पाण्यात घातले. अर्धा तास ते थोरल्याला एका हाताने दूर ठेवत दुसऱ्या हाताने धाकट्याला डब्याकडे वळवत होते. एकदाही चिडले नाहीत. "ये बाबा, ये, घाबरू नको, झालं आता," असं पाण्याशी बोलत होते. धाकटा डब्यात आला तेव्हा त्यांचा शर्ट गळ्यापर्यंत भिजला होता. आम्ही दोघांनी डबा ताईच्या खोलीत नेला आणि त्याला छोट्या टाकीत सोडलं. अप्पांनी खिडकीवर चादर टांगली.

"इथे कोणी येऊ नका. त्याला शांतता पाहिजे."

"अप्पा, ताईचा हात बघितलात?"

"बघितला."

"मग?"

त्यांनी टाकीवरचं झाकण नीट बसवलं. "माणसांचं वेगळं असतं. माशाला समज नसते, म्हणून त्याला वेगळं काढावं लागतं. माणसं बोलून मार्ग काढतात."

"बोलली म्हणूनच तर हात चेमटलाय तिचा."

"हर्षा, आवाज खाली. घाबरतोय तो."

"हा मासा आणायच्या आधी वर्षभर विचारत होतात तुम्ही सगळ्यांना. रत्नागिरीला गेलात, मुंबईला फोन केलेत. हा नको, तो तापट आहे, तो नको, त्याला एकट्याची सवय आहे. संग्रामची चौकशी किती केलीत? पोहे संपायच्या आत हो म्हणालात."

"त्याच्या चुलत्यांनी शब्द टाकला होता." अप्पांचा आवाज एकदम बारीक झाला. संग्रामचे चुलते कारखान्याचे संचालक होते. "मी या कारखान्यात नोकरी करतो. या क्वार्टरमध्ये राहतो. संचालकांनी घरी येऊन शब्द टाकल्यावर नाही म्हणायला जीभ रेटते का बघ एकदा."

"साहेबांनी शब्द टाकला असता तर भलता मासा टाकीत सोडला असता तुम्ही?"

अप्पांनी ओल्या बाह्या पिळल्या आणि म्हणाले, "उद्या पाव्हणे येतायत. त्यांच्यासमोर असलं काही बोललीस तर याद राख."

जेवणाचं ताट तसंच राहिलं. धाकटा काही खातोय का ते बघायला ते दर तासाला खोलीत जात होते. ताई बाहेर पडवीत बसली होती. खोलीत जाताना प्रत्येक वेळी ते तिच्यासमोरून जायचे.

रविवारी अकराच्या सुमाराला पांढरी जीप आली. संग्राम आणि त्याची आई. संग्राम दिसायला राजबिंडा, हसतमुख, अप्पांच्या पाया पडणारा. आम्हा सगळ्यांना तेच तर आवडलं होतं. त्याची आई सोफ्यावर ऐसपैस बसली. मटणाचं जेवण झालं. लाइट गेली. संग्रामने कॉलर सैल केली.

"अप्पा, इन्व्हर्टरवर पंखा तरी लावा की. घामाघूम झालोय."

"टाकीचं लोड आहे त्याच्यावर," अप्पा ओशाळून म्हणाले. "पंप बंद पडून चालत नाही."

"माशांची चैन हाय बघा," संग्रामची आई म्हणाली. मग टाकीकडे बघत, "एकटाच फिरतोय वं ह्यो? मागं आलतो तवा जोडी हुती."

"दुसरा आजारी आहे. वेगळा ठेवलाय."

"कशानं?"

"यानं मारलं त्याला," अप्पा म्हणाले.

"मारनारच की," संग्राम हसला. "घर कुणाचं हाय?"

अप्पाही हसले. मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते आणि मी माझ्या वडिलांना त्या वाक्यावर हसताना बघितलं. तो तांब्या मी कुणाच्या डोक्यात घातला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

हात आणि ताई यांचा विषय कोणी काढला नाही. म्हणजे संग्रामच्या आईने काढला, पण असा: "पोरीला जरा समजावून सांगा पाव्हणं. शिकलेली हाय, तर शान्यासारखं वागाय पायजे. आमी काय राक्षस न्हाई."

"सांगितलंय तिला," अप्पा म्हणाले. "जरा दिवस जाऊ द्या, रुळेल."

"तेच म्हंतो आमी. चार दीस गेलं की आपोआप रुळत्यात."

मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि अप्पांनी आईला ओटी भरायला सांगितलं. आईने पाट मांडला. सुपात तांदूळ, खण, नारळ, हळदकुंकू. ताई पाटावर बसली, डाव्या हाताने पदर पुढे धरला. उजवा हात मांडीवर पडून होता. रुमाल काढून टाकलेला होता, कारण पाव्हण्यांसमोर बरं दिसलं नसतं, आणि मनगट वांग्याच्या रंगाचं झालं होतं. आईने कुंकू लावलं, खण पदरात ठेवला आणि नारळ उचलला.

मी ताईच्या खोलीत गेले. धाकटा छोट्या टाकीच्या तळाशी होता. मी डबा आत घातला, तो मुकाट्याने आत आला. डबा छातीशी धरून मी हॉलमध्ये आले, स्टुलावर चढले, मोठ्या टाकीचं झाकण उचललं आणि धाकट्याला आत सोडलं.

"हर्षा," अप्पा म्हणाले. त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

थोरला दगडांमागून आला. सरळ आला, बाणासारखा. ठक् असा आवाज झाला आणि धाकटा काचेवर आपटला. अप्पा धावले. मी स्टुलावरून उतरले नाही.

"बाजूला हो."

"राहू द्या अप्पा. रुळेल."

"मरेल तो. बाजूला हो."

"जरा दिवस जाऊ द्या. चार दिवस गेले की आपोआप रुळतात."

"अगं वेडी झालीस का? डोळ्यांदेखत मारतोय तो त्याला." अप्पांनी मला दंडाला धरून खाली ओढलं. मी पडले. ते स्टुलावर चढले, शर्टासकट हात पाण्यात घातले. घड्याळ काढायचं भान राहिलं नाही. टाकीतलं पाणी सांडून फरशीवर आलं, तांदळाच्या सुपापर्यंत. दोन हातांच्या ओंजळीत धाकट्याला धरून त्यांनी त्याला डब्यात घेतलं. गालाचा काटा लागून त्यांच्या तळव्यातून रक्त येत होतं. ते धापा टाकत होते.

मी फरशीवर बसूनच म्हणाले, "काढलात ना बाहेर? विचारलंत का त्याला, तू काय बोललास म्हणून? आता तिला बघा. ती पाटावर बसलीय. तिच्या पदरात नारळ घालून तुम्हीच तिला परत आत सोडताय."



माशाच्या जिवाशी खेळले, असं नंतर मला पुष्कळांनी सुनावलं. तो मरावा म्हणून मी त्याला सोडलं नव्हतं. अप्पा त्याला वाचवणार हे मला पक्कं ठाऊक होतं. ते कसे धावतात, तेच मला ताईला दाखवायचं होतं.

संग्राम उठला. हसू अजून तोंडावरच होतं. "धाकटी लईच तापट हाय की अप्पा. चल गं वैजू, उशीर होतोय." आणि त्याने तिला उठवायला तिचा हात धरला. उजवा. मनगटालाच.

ताई ओरडली. माणसाच्या गळ्यातून असा आवाज येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. संग्रामने हात सोडला नाही, नुसता आमच्याकडे बघून म्हणाला, "जरा लागलंय तिला."

मी अप्पांकडे बघितलं. आईने बघितलं. ताईनेही बघितलं. डबा हातात धरून, बाह्यांतून पाणी गळत, अप्पा उभे होते. त्यांनी ताईच्या मनगटाकडे बघितलं, या वेळी नीट बघितलं. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील.

"याला पाण्यात सोडायला पाहिजे," ते म्हणाले. आणि डबा घेऊन ताईच्या खोलीत गेले. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना आला.

संग्रामची आई म्हणाली, "चला आता. भरा ओटी भराभरा."

ताई पाटावरून उठली. पदरातला खण घरंगळून ओल्या फरशीवर पडला. "मी येत नाही," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "हात सोडा माझा."

"ओटी भरल्यावर असं बोलत्यात व्हय?"

"भरली कुठे अजून?" ही आई होती. गेल्या तीन दिवसांत तिने पाव्हण्यांच्या बाबतीत तोंड उघडलं नव्हतं. "नारळ माझ्याच हातात आहे, विहीणबाई. संग्रामराव, तिचा हात सोडा."

"आई, तुमी यात पडू नका. अप्पांशी बोलनं झालंय आमचं."

"त्यांच्याशी झालं असेल. माझ्याशी नाही झालं." तिने नारळ असा धरला होता की मलाच भीती वाटली. संग्रामलाही वाटली असावी, कारण त्याने हात सोडला.

मग पुष्कळ झालं. चुलत्यांच्या कानावर घालू, क्वार्टर खाली करायला लावू, पोरगी जन्मभर घरात बसवा, सगळं झालं. आई ओली फरशी पुसत होती. जीप सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा ती नारळ घेऊन स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी त्या नारळाची चटणी केली. अप्पा खोलीतून बाहेर आले ते जीप कॉलनीच्या फाटकाबाहेर गेल्यावर.

"गेले?" त्यांनी विचारलं.

"गेले," आई म्हणाली. "ती सगळी पोती आणि ड्रम उद्याच्या उद्या गॅरेजमध्ये हलवा. तिला खोली लागेल."

धाकटा जगला. पुढच्या आठवड्यात सांगलीचे डॉक्टर येऊन त्याला त्यांच्या टाकीत घेऊन गेले, तिथे तो एकटाच होता. अप्पांची नोकरी गेली नाही, क्वार्टरही गेलं नाही. संचालकसाहेबांनी तो विषय कधी काढलासुद्धा नाही. पुतण्याचे गुण त्यांना आधीपासून माहीत होते, असं पुढे कानावर आलं. म्हणजे ज्या भीतीपायी अप्पांनी ताईला दिली आणि परतही पाठवायला निघाले, त्या भीतीत काहीच नव्हतं. याचा राग मला सगळ्यात जास्त येतो.

ताई आता कराडजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. उजव्या हाताची करंगळी वळत नाही, पण फळ्यावरचं अक्षर सुरेख आहे. अप्पा तिच्याकडेच राहतात. आई गेल्यानंतर तिनेच नेलं त्यांना.

गेल्या वर्षी अप्पांना सत्तर पूर्ण झाली. ताईने हॉल घेतला, कॉलनीतली जुनी माणसं बोलावली. जेवणं झाल्यावर सगळ्यांनी आग्रह केला म्हणून अप्पा बोलायला उभे राहिले. कारखान्याबद्दल बोलले, आईबद्दल बोलले. मग ताईकडे हात करून म्हणाले, "ही माझी लेक माघारी आली तेव्हा सगळे मला म्हणत होते, परत पाठवा. मी म्हणालो, लेक आहे माझी. मासा नाही, कुठल्याही टाकीत सोडून द्यायला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी डोळे पुसले. मी उठले. काय बोलणार होते ते ठरलेलं नव्हतं, पण बोलणार होते. ताईने टेबलाखाली माझी ओढणी धरून मला खाली बसवलं.

"बस."

"खोटं बोलतायत ते. सगळ्यांसमोर."

"माहितेय. त्यांना आता तेच खरं वाटतं."

"आणि तुला?"

"मला कडी ऐकू आली होती," ताई म्हणाली. चेहऱ्यावर काही नव्हतं. "तू ओरडून सांगितलंस तरी ती परत उघडणार नाही. आणि उद्याही त्यांना माझ्याच घरात राहायचंय."

मग ती उठली, केकचा तुकडा घेतला आणि अप्पांना भरवला. सगळ्यांनी एकेक करून भरवला. माझी पाळी आली तेव्हा अप्पांनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं. मी तुकडा त्यांच्या हातात दिला.